वाकडी झुलपं

माझ्या आईचं माझ्यावर जिवापाड प्रेम. फक्त ही गोष्ट तिच्या कात्रीच्या कानावर कुणी घातली नव्हती.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ती मला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवायची, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळायची आणि दुधाची पिशवी कापायच्या कात्रीने माझी कपाळावरची झुलपं कापायची. डावीकडे भुवईपर्यंत, उजवीकडे थेट अर्ध्या कपाळावर. शाळेतले वर्गाचे दहा फोटो आहेत. दहाही वर्षं मी उतारावर उभी असल्यासारखी दिसते. तक्रार केली की उत्तर ठरलेलं, "तू हललीस." मग तोंडावरचे केस फुंकर मारून उडवायची, गालाचा पापा घ्यायची, की खटला निकालात.

पुढे मी पार्लर काढलं. लोकांना वाटतं, आवड म्हणून. आवड कसली डोंबलाची, सूड होता तो.

तीन महिन्यांपूर्वी आईला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई येऊन तिच्याकडून रबरी चेंडू दाबून घेतात. परवा त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, "बोटं या महिन्यात वळली तर वळली. नाहीतर कठीण आहे." आईने अर्थातच दाराआडून ऐकलं. तिच्या कानांना झटक्यानेही काही झालेलं नाही.

आज सकाळी तिने चेंडू बाजूला सारला. म्हणाली, "कात्री आण. बस इथे."

"आई, दुपारी एका नवरीचे केस करायचेत. माझं कपाळ बघूनच पळून जाईल ती."

"बस म्हटलं ना."

बसले. टॉवेल मीच गुंडाळला. कात्री तिच्या हातातून माझ्या मांडीवर पडली. परत दिली, परत पडली. तिसऱ्यांदा अंगठा कसाबसा आत गेला आणि मग कितीतरी वेळ काहीच झालं नाही. मी डोळे गच्च मिटून, श्वास रोखून बसले. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कच्. जरा थांबून, पुन्हा कच्. मग तोंडावर फुंकर आली.

आरशात पाहिलं. डावीकडे भुवई, उजवीकडे अर्धं कपाळ. तोच उतार, एका केसाचा फरक नाही. हात परत आला होता. मला रडू आवरेना.

आईने झुलपांकडे पाहिलं, मान तिरकी केली, आणि म्हणाली, "तू हललीस."

"हो गं," मी म्हटलं, "हललेच मी."