बुजव्याने पाडलेलं भोक

धक्क्यावर त्याला सगळे बुजव्या म्हणत. उभा जन्म त्याने लोकांच्या होड्यांच्या फटी बुजवण्यात घालवला होता. फळ्यांच्या सांध्यात काथ्या ठोकायचा, वरून डांबर ओतायचं आणि मग आत बसून पेटती मेणबत्ती एकेका सांध्यापुढे धरायची. ज्योत हलली की काम नापास. काम सोडल्यावर तो आणि बायको ज्या होडीत राहायला आले, तिची तर गोष्टच सोडा. तिथे ज्योत दम दिल्यासारखी ताठ उभी राहायची. रोज जेवणाआधी तो मेणबत्ती फिरवून यायचा, मगच ताटावर बसायचा.

बायको पाण्यावर राहायला तयार झाली ती एकाच अटीवर. "ज्या दिवशी मला थंडी वाजेल, त्या दिवशी मी दादाकडे जाणार," तिने बजावलं होतं. आणि गेलीच असती. नुसतं बोलून गप्प बसणाऱ्यातली ती नव्हे. तिच्यावाचून बुजव्याचं पान हलत नसे, हे धक्क्यावरच्या मांजरांनाही ठाऊक होतं. म्हणून थंडी पडताच त्याने गॅसचा छोटा हीटर आणला.

दादाने, म्हणजे तिच्या भावाने, एक भोंगा आणून दिला. "हवा विषारी झाली की हा वाजतो. आणि हीटर लावलात की खिडकी उघडी ठेवा," तो म्हणाला. बुजव्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकीच उघडी ठेवायची, तर चाळीस वर्षं काय भजनं म्हणत होतो?

हीटर लागला आणि थोड्या वेळाने भोंगा बोंबलला. बुजव्या तो घेऊन थेट दुकानात गेला. तिथे मेला गप्प. दुकानदारीण म्हणाली, "चांगला आहे हो." परत होडीत आणला, की पुन्हा बोंब. शेवटी बुजव्याने निदान केलं: बंद जागेत घाबरतो बिचारा. काही माणसं नसतात का तशी? त्याने भोंगा बाहेर दाराशी ठेवला आणि गारठू नये म्हणून त्याला आपली कानटोपी घातली. भोंगा शांत झाला.

"अहो, तो आतली हवा सांगायला आहे ना?" बायकोने विचारलं.

"आपल्याकडे हवा आत येतेच कुठे?" तो म्हणाला आणि या उत्तरावर स्वतःच खूश झाला.

त्या संध्याकाळी होडी छान उबदार होती. बायको जांभया देत होती, डोकं जड झालंय म्हणाली. चहात तिने मीठ घातलं आणि कप पुढे करत त्याला "दादा" म्हणाली. तो पोट धरून हसला आणि मेणबत्ती घेऊन उठला. ज्योत सरळ होती, पण तांदळाच्या दाण्याएवढी. तिसऱ्या सांध्यापाशी ती जराही न हलता विझली.

असं कधी झालं नव्हतं. त्याने काडी ओढली, तीही धड पेटेना. "अगं," त्याने हाक मारली. बायको चमचा हातात धरून भिंतीला कलंडली होती.

तो दाराकडे धावला. दार त्यानेच इतकं घट्ट बसवलं होतं की ते खांद्याने ढकलावं लागलं. दार उघडलं तशी आतली हवा बाहेर आली आणि कानटोपीतला भोंगा ठणाणा करू लागला. बुजव्याने बायकोला ओढत बाहेर आणलं. बऱ्याच वेळाने तिने डोळे उघडले.

"मला थंडी वाजतेय," ती म्हणाली.

बुजव्या ढसाढसा रडला. "वाजू दे गं. जा दादाकडे. पण स्वतःच्या पायांनी जा."

डॉक्टरांनी तिला दुसऱ्या दिवशी घरी सोडलं. बुजव्या होडीला भोक पाडतोय, ही बातमी धक्क्यावर पसरली आणि माणसं कामं टाकून बघायला आली. एक भोक वर, छताजवळ. एक खाली, पण पाण्यापासून चांगलं उंच. भोकं पाडायची सवय नसल्याने गिरमिट दोनदा सटकलं. दादा तिची पिशवी भरून न्यायला आला होता, तो पिशवी खाली ठेवून गिरमिट धरायला बसला. भोंगा पुन्हा आतल्या खुंटीवर गेला, कानटोपीशिवाय.

संध्याकाळी बायकोने शाल गुंडाळून ताटं घेतली. बुजव्याने मेणबत्ती पेटवून खालच्या भोकापुढे धरली. ज्योत आडवी झाली. त्याने ती वरच्या भोकापुढे धरली, तिथेही ती लवली. मग तो ताटावर बसला.