शेजारच्या सीटचं वजन

हिमानीनं फेब्रुवारीत फोन करून सांगितलं, "बाबा, मला आईचा ट्रक हवाय." मी लगेच हो म्हणालो. फक्त ब्रेक नीट करून देतो, मग घेऊन जा, असं सांगितलं. ते दोन आठवड्यांचं काम होतं. मी आठ महिने लावले.

हिमानी माझी एकुलती एक मुलगी. नॉर्थ कॅरोलिनात मॉरिसव्हिलला नोकरी करते. मी टेक्सासमध्ये, शुगर लँडला राहतो. तेलाच्या विहिरींची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. माझी बायको शरयू गेल्या वर्षी सप्टेंबरमध्ये गेली. कॅन्सर होता.

ट्रक तिचा. त्र्याण्णव सालचा काळा पिकअप. सीट दोनच, आणि इंजिन रेसच्या गाडीत शोभेल असं. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करायची. तिथल्या एका सहकाऱ्याकडून तिनं तो मला न विचारता घेतला. मी म्हटलं, आपण वरणभात खाणारी माणसं, आपल्याला पिकअप कशाला? ती म्हणाली, "वरणभाताचा काय संबंध? बस." आणि मला हायवे सिक्सवर घेऊन गेली. परत आल्यावर मी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. पुढं मंडळाच्या गणपतीचं मखर, सतरंज्या, मोठी पातेली, सगळं त्याच ट्रकमधून जायचं. साडी नेसून ती चालवायची आणि मी शेजारी बसायचो. कधी मी चालवायचो, तेव्हा शेजारी ती.

ट्रक पळायचा चांगला, थांबायचा वाईट. मागच्या चाकांना जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक होते. जोरात दाबले तर मागची चाकं घसरायची, हळू दाबले तर गाडी थांबायचीच नाही. एकदा पुढची स्कूल बस अचानक थांबली. शरयूचा ट्रक बसच्या मागं हातभर अंतरावर थांबला. घरी येऊन तिनं चहा गाळला तेव्हा निम्मा ओट्यावर सांडला. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात ब्रेक बदलतो. त्याला अकरा वर्षं झाली. ती त्याबद्दल पुन्हा बोलली नाही. पुढच्या गाडीपासून लांब राहायला लागली, एवढंच.

म्हणून हिमानीनं ट्रक मागितला तेव्हा मी तो तसाच देणार नव्हतो. मॉरिसव्हिल इथून बाराशे मैल आहे.

चाकं काढली तर मागच्या अ‍ॅक्सलमधून तेल झिरपत होतं. चाकं ज्यावर फिरतात तो आडवा दांडा आणि त्याचं घर, सगळंच झिजलेलं. मग भंगारवाल्याच्या आवारातून त्याच ट्रकच्या नंतरच्या मॉडेलचा अ‍ॅक्सल शोधून आणला. तो जास्त जाड, आणि त्याला डिस्क ब्रेक. तो बसवला तर मागच्या स्प्रिंगांचे पाटे दबून गेलेले दिसले. पाटे बदलले तर पुढच्या स्प्रिंगा जुन्या वाटायला लागल्या. एक काम संपत आलं की मला दुसरं सापडायचं.

"बाबा, तू ट्रक रिपेअर करतोयस की लपवतोयस?" हिमानीनं जुलैत विचारलं.

"शॉक अ‍ॅब्झॉर्बर, शॉक्स यायचेत."

"मे महिन्यात अ‍ॅक्सल यायचा होता."

"तो आला. आता शॉक्स यायचेत."

ती हसली, पण नेहमीसारखी नाही.

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं सीटवर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकाशी झोपून नळीचा स्क्रू सोडायचा, तेल आणि हवा बाहेर येऊ द्यायची, स्क्रू आवळायचा, मग पेडल सोडायचं. आमच्या घरातल्या प्रत्येक गाडीसाठी शरयू पेडलवर बसली होती. पुस्तक वाचत बसायची, पण तिचा पाय कधी चुकला नाही. या वेळी मी यतीनला बोलावलं. यतीन आमच्या गल्लीतला. पुण्याचा, जन्मभर सॉफ्टवेअरमध्ये. गाडीत पेट्रोल कुठून घालतात एवढं त्याला माहीत आहे.

"दाब," मी खालून म्हणालो.

"दाबलं."

"धर."

"धरलंय. अरे, काल ते देशपांडे भेटले होते..."

"यतीन, पाय."

"पाय आहे की."

"नाहीये. बुडबुडे परत आत गेले."

"मग पुन्हा कर. तुला तरी कुठं जायचंय?"

चार चाकांना आम्हाला सगळी सकाळ लागली. नंतर त्यानं हात धुतले आणि म्हणाला, "वहिनींनी हे कसं केलं असेल? पाय दुखून गेला माझा." मी म्हणालो, "ती बोलत नव्हती."

सप्टेंबरच्या शेवटी फक्त चारही चाकांवरचा भार जुळवणं राहिलं. पुढं मी अशा स्प्रिंगा बसवल्या होत्या, ज्यांच्या खालची कडी फिरवून गाडीचा तो कोपरा थोडा वर किंवा खाली करता येतो. चार चाकांखाली चार सपाट वजनकाटे ठेवायचे, आकडे बघायचे आणि कड्या फिरवायच्या. भार जुळला नाही तर जोराच्या ब्रेकला कमी भाराचं चाक दुसऱ्याच्या आधी घसरतं आणि गाडी एका बाजूला ओढते. हे माणसं आत बसलेली असताना करायचं असतं, कारण रस्त्यावर गाडी रिकामी जात नाही. माणूस नसेल तर त्याच्या वजनाचं काहीतरी सीटवर ठेवायचं.

चालवणाऱ्याच्या जागी यतीन बसला. शेजारच्या सीटवर मी इंडियन स्टोअरमधल्या वीस वीस पौंडांच्या तांदळाच्या सहा पिशव्या ठेवल्या. वर चार चार पौंडांच्या तूरडाळीच्या दोन.

यतीननं पिशव्यांकडे बघितलं. "ट्रकला जेवायला घालतोयस?"

"एकशे अठ्ठावीस पौंड व्हायला हवेत."

त्यानं पिशव्या मोजल्या. मग म्हणाला, "गुरुनाथ, हिमानी एकटी नेणार आहे ना ट्रक?"

"हो."

"मग ही सीट रिकामी असणार."

"तू हलू नकोस. आकडा बदलतो."

तो हलला नाही. मी कड्या फिरवल्या. दुपारपर्यंत चारही आकडे जिथं हवे तिथं आले. मी ते कागदावर लिहून ठेवले. बरोबर होते. दोन माणसांसाठी बरोबर होते. मला ते करताना माहीत होतं, हे मी इथं स्पष्ट लिहितो. चुकून झालं असं मी म्हणणार नाही.

हिमानी ऑक्टोबरमध्ये शुक्रवारी विमानानं आली. शनिवारी सकाळी ती ट्रक घेऊन शाळेच्या मोकळ्या पार्किंगमध्ये गेली, मी आणि यतीनही गेलो. रात्री पाऊस पडून गेला होता, जमीन ओली होती. मला तेच हवं होतं, ओल्यावर ब्रेक खरे कळतात. मी तिला सांगितलं, चाळीसचा वेग घे आणि त्या पांढऱ्या रेघेवर पेडल पूर्ण दाब.

ट्रक थांबला. जुन्या ब्रेकला लागायचं त्याच्या निम्म्या अंतरात थांबला. यतीननं टाळी वाजवली. हिमानीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"बाबा, ब्रेक is amazing. पण गाडी थोडी डावीकडे जाते."

"पुन्हा कर."

तिनं पुन्हा केलं. मी या वेळी चाकांकडे बघत होतो. उजवं पुढचं चाक आधी घसरलं आणि ट्रकचं तोंड डावीकडे वळलं. फार नाही, वीतभर. साठ-सत्तरच्या वेगात, पावसात, ते वीतभर राहणार नाही.

"टायरमधली हवा बघतो," मी म्हणालो.

यतीन माझ्याकडे बघत होता. तो काही म्हणाला असता तर मी त्याच्यावर चिडलो असतो. तो आपल्या गाडीच्या किल्ल्या या हातातून त्या हातात करत उभा राहिला.

मी टायरपाशी वाकलो. हवा बरोबर होती हे मला माहीतच होतं. हिमानी खाली उतरून माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिच्या बुटाच्या नाड्या सुटल्या होत्या. एकोणतीस वर्षांची आहे, अजून नाडी नीट बांधत नाही.

"हवेचं नाहीये ते," मी उठून म्हणालो. "मी वजन चुकीचं धरलंय."

"कुठलं वजन?"

मी तिला सांगितलं. तांदूळ, डाळ, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"किती धरलंस?"

"एकशे अठ्ठावीस."

"शेवटी आई एक्क्याण्णव होती, बाबा. मीच उचलून बेडवर ठेवायचे तिला."

"माहीत आहे. ते मी धरलं नाही."

ती ट्रकला टेकून उभी राहिली. मीही तिच्या शेजारी टेकलो. पत्रा ओला होता, दोघांच्या पाठी भिजल्या.

"ती सीट रिकामी धरून मला करता येईना," मी म्हणालो. "पाच वेळा काटे लावले. रिकाम्या सीटचे आकडे लिहायला कागद घ्यायचो आणि उठून आत जायचो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू विचारलं होतंस. लपवतोयस का म्हणून."

तिनं बाहीनं नाक पुसलं. "I was joking, बाबा."

"होय. पण बरोबर होतं."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "हे बघ, मी तुला घेऊन जाऊ शकते सोबत. तू शेजारी बस. मग वजन जुळेल."

मी त्यावर खरंच विचार केला. बाराशे मैल तिच्या शेजारी बसणं मला आवडलं असतं. पण मग मी विमानानं परत येणार, आणि सोमवारी सकाळी ती ऑफिसला एकटीच निघणार. तिच्या त्या रस्त्यावरही पाऊस पडतोच.

"नको," मी म्हणालो. "तू रोज एकटी चालवणार. तुझ्यासाठी जुळवतो."

आम्ही घरी आलो. यतीनला मी जायला सांगितलं तर तो म्हणाला, "काटे जड आहेत, तुझी कंबर धरेल," आणि गॅरेजमध्ये चारही काटे त्यानंच लावले. मग वहिनींच्या कपाटातला चहाचा डबा कुठं आहे विचारत स्वयंपाकघरात गेला. त्याला तो डबा कुठं आहे ते माहीत होतं.

हिमानी चालवणाऱ्याच्या जागी बसली.

"हात स्टिअरिंगवर ठेव. सरळ बस. फोन खिशात."

"श्वास घेऊ?"

"घे. हळू घे."

मी ट्रकच्या पुढं झोपलो आणि उजवीकडची कडी वर फिरवली. पाव फेरा, मग अर्धा. आकडा बघायला दर वेळी उठावं लागत होतं. वर आलो की काचेतून आतल्या दोन्ही सीट दिसायच्या. एकीवर हिमानी, एकीवर कोणी नाही. पहिल्यांदा मी लगेच खाली गेलो. दुसऱ्यांदाही. मग हळूहळू मला आकडे नीट वाचता यायला लागले, कारण ते वाचायलाच हवे होते. वर ती बोलत होती. शाळेत असताना आईनं याच ट्रकवर तिला गाडी शिकवली, आणि पहिल्याच दिवशी तिनं शेजाऱ्यांची टपालपेटी पाडली, हे मला आज कळलं. त्या दोघींनी नवी आणून, रंगवून, माझ्या येण्याआधी उभी केली होती.

"मला का नाही सांगितलंत?" मी खालून विचारलं.

"आई म्हणाली, बाबा ब्रेक बदलायला घेईल आणि ट्रक वर्षभर गॅरेजमध्ये राहील."

मी ट्रकखाली झोपून हसलो. हसता हसता पाना हातातून पडला. ती वरून विचारत राहिली, काय झालं, लागलं का, आणि मी पाना चाचपत राहिलो.

अडीच फेऱ्यांनंतर आकडे जुळले. मी जुना कागद काढला, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर नवे आकडे लिहिले आणि तो तिच्याकडे दिला. म्हणालो, पुढं कधी कोणी स्प्रिंगा बदलल्या तर हा दाखव.

संध्याकाळी पार्किंग अजून ओलं होतं. तिनं तीनदा ब्रेक मारला. तिन्ही वेळा ट्रक सरळ थांबला. तिसऱ्यांदा मी तिला साठचा वेग घ्यायला सांगितलं आणि श्वास रोखून उभा राहिलो. सरळ.

रविवारी सकाळी आठला ती निघाली. मी सांगितलं, पहिले शंभर मैल ब्रेक हळू वापर, लुइझियानात रस्त्याचं काम चालू आहे तिथं रांगेत घाई करू नकोस, दर दोन तासांनी थांब. ती म्हणाली, "आई असं काही सांगायची नाही."

"ती सांगायची नाही. मी सांगतो."

तिनं खिडकीतून हात काढून माझ्या गालावर ठेवला आणि ट्रक सुरू केला.

आमच्या गल्लीच्या टोकाला स्टॉपची पाटी आहे. शरयू तिथं कधी पूर्ण थांबायची नाही. दोन्ही बाजूंना बघायची आणि तशीच वळायची, मी शेजारी बसून तिला दर वेळी बोलायचो. हिमानी पाटीपाशी आली. मागचे लाल दिवे लागले. ट्रक पूर्ण थांबला. रस्ता मोकळा होता, तरी ती थांबून राहिली. मग दिवे विझले आणि ती वळून गेली.