इंद्रभान कशानं गेला

"ओवाळाले पाच सवाष्णी पाह्यजे म्हणे! आमदार येऊन राह्यला का नवरदेव?" चुलीपुढे बसून मनकर्णाबाई पुटपुटत होत्या. "त्या पुढारी रामरावले हुकूम सोडाले काय जाते? तेल आपलं, ताटं आपली."

"द्या इकडं, मी वाती करतो," सून कस्तुरा म्हणाली.

"तू हात लावू नको वं. पुढंही येऊ नको. पांढऱ्या पायाची तू."

मीठ मागावं इतक्या सवयीनं त्या हे म्हणाल्या. कस्तुरानं हात पदराला पुसले.

सत्तावनच्या निवडणुकीचे दिवस होते. आमदार पुंजाजीराव दुसऱ्यांदा उभे होते, आणि केनवडच्या बाजूचं हे गाव त्यांचं हक्काचं. बेचाळीसच्या चळवळीत तारा तोडून ते फरार झाले, तेव्हा याच घरात राहिले होते. कस्तुराच्या हातची भाकर खाऊन तिला वैनी म्हणत.

एका सकाळी शिपाई वेशीत आले. मागच्या अंगणात जमिनीखालचं धान्याचं रिकामं पेव होतं, पुंजाजींना त्यात लपवायचं ठरलं. बंद पेवात विषारी हवा साठते, म्हणून उघडलं की आधी हवा खाऊ द्यायची, मग कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर माणूस उतरत नाही. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण त्या दिवशी वेळ कुठला? "आंधी मी पाह्यतो, मंग तुमी या," म्हणून कस्तुराचा नवरा इंद्रभान उतरला. तो वर आलाच नाही. पुंजाजी कुंपणावरून तुरीत पळाले.

"ज्वारी काढाले उतरला होता," असं गावानं पोलिसांना सांगितलं. पुंजाजींना वाचवणारं ते खोटं तेव्हा पुण्याचं होतं. पुढे इंग्रज गेले, खोटं राहिलं. रिकाम्या पेवात ज्वारी कसली, असं कोणी विचारलं नाही. तरण्याताठ्या माणसाच्या मरणाला दोष कोणाला द्यायचा, तर घरात एकोणीस वर्षांची विधवा होतीच. तिचं कुंकू गेलं, मग हळदीकुंकू, मग लग्नातली जागा. शेजारीण पहाटे तिचं तोंड दिसलं तर माघारी फिरे.

बावन्नला पुंजाजीराव निवडून आले, तेव्हा दाराआडून कस्तुरा एवढंच म्हणाली होती, "भाऊ, एक डाव लोकायले सांगा, ते कशानं गेले."

"सांगतो वैनी. वेळ येऊ द्या."

वेळ आली नाही. भाषणागणिक त्यांच्या सुटकेचा तो प्रसंग असा रंगत गेला, की त्यात दुसऱ्या माणसाला जागाच उरली नाही.

आज ओवाळणी झाली, हार झाले. ओट्यावरून पुंजाजीराव बोलले, छान बोलले. "विधवा आपल्या आयाबहिणी आहेत! त्यांना मान द्या!" टाळ्या पडल्या. बोलता बोलता घसा कोरडा पडला, त्यांनी पाणी मागितलं. सवाष्णी ताटं घेऊन पांगल्या होत्या. कस्तुरा गडवा घेऊन बाहेर आली.

"थांब वं!" रामराव ओरडले. "चांगल्या कामाले निघाले साह्यब. अपशकून कायले करून राह्यली? सवाष्णीच्या हातून येऊ दे."

पुंजाजीरावांनी हात पुढे केला होता. तो अलगद मागे घेऊन त्यांनी टोपी नीट केली.

कस्तुरा हलली नाही. "भाऊ, आता तरी सांगा."

"वैनी, इथं नको," ते हळू म्हणाले. "लोक आहेत."

"लोकायलेच तं सांगाचं होतं."

ज्यांनी त्या सकाळी पेवातून प्रेत काढलं होतं, ते जमिनीकडे पाहू लागले. तेवढ्यात मनकर्णाबाई चौकट धरून बाहेर आल्या. सुनेच्या हातातला गडवा त्यांनी घेतला, तिथंच तोंडाला लावला आणि दोन घोट प्याल्या.

"पंधरा वर्सं मी हिले म्हनत आली, नवरा खाल्ला," त्या म्हणाल्या. "मले मालूम होतं, तरी म्हनत आली. या समद्यायले मालूम हाय. माह्या लेकाले हिनं नाई खाल्लं, पुंजाजी. तो तुह्यासाठी मेला."