हवामानवाल्याचं नवं शिक्षण

अमेरिकेतल्या डुलुथ शहराच्या टीव्हीवर वर्षानुवर्षं हवामान सांगणाऱ्या लाइल ब्रेकेला चॅनेलने घरी बसवलं, त्या दिवशी बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि आदल्या संध्याकाळी लाइलने लख्ख ऊन सांगितलं होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. चॅनेलला आता चार शहरांचं हवामान एकाच माणसाकडून, तेही लांब कुठेतरी बसून, सांगून घ्यायचं होतं. पण गावाने जोडायचा तो संबंध जोडलाच.

काही दिवस लाइल दुकानात जायचा तोसुद्धा टोपी डोळ्यांवर ओढून. मग एका संध्याकाळी जेवताना त्याने जाहीर केलं, "कोरीन, मी ठरवलंय. मी दवाखान्याच्या लाइनीत जाणार."

त्याची बायको कोरीन गावातल्या हॉस्पिटलात वीस वर्षं नर्स होती. बारा तासांची पाळी करून आली होती आणि सुजलेले पाय समोरच्या खुर्चीवर ठेवून सूप पीत होती. "मग नर्सिंग कर," ती म्हणाली. "तुझ्याकडे आधीची डिग्री आहे, दीड वर्षात मोकळा होशील. आमच्याकडे माणसं कुठे आहेत!"

"नर्सिंग चांगलंच आहे गं," लाइल म्हणाला. शेजाऱ्याच्या मठ्ठ कुत्र्याचं कौतुक करावं तसा त्याचा सूर होता. "पण माझा पिंड वेगळा आहे. मी फिजिशियन असिस्टंट होणार. पीए. रोग्याला तपासायचं, रोग ओळखायचा, औषध लिहून द्यायचं. शेवटी निदान म्हणजे तरी काय? अंदाजच की."

"त्याचीच तर भीती वाटते," कोरीन म्हणाली आणि तिने उरलेलं सूप संपवलं.

रविवारी चर्चनंतर लाइलच्या आईकडे जेवायला गेल्यावर ही बातमी तिथेही फुटली. आर्डिसबाई ऐंशीच्या घरात होत्या, पण कानाने तिखट.

"असिस्टंट?" त्या म्हणाल्या. "या वयात असिस्टंट? कुणाचा रे?"

"कुणाचा असा नाही, आई. पीए जवळजवळ डॉक्टरचंच काम करतो."

"मग डॉक्टरच हो ना."

"त्याला फार वर्षं जातात."

"मग नर्स हो. घरात एवढी कोरीन आहे. अडलंनडलं तिला विचारता येईल."

"मला तिला विचारून शिकायचं नाहीये!" लाइल जरा मोठ्यानेच बोलला. खरं कारण इतक्या दिवसांत पहिल्यांदा बाहेर पडलं होतं, तेही चुकून. कोरीनने मीठ मागितलं. आर्डिसबाईंनी बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं, आणि मग सगळे बराच वेळ बटाट्यांवरच बोलले.

पीए होण्याच्या वाटेत एक मेख होती. कोर्सला अर्ज करण्याआधी रोग्यांची प्रत्यक्ष सेवा केलेली असावी लागते, तीही थोडीथोडकी नाही. नर्स व्हायचं नाही म्हणून निघालेल्या लाइलला मग नर्सच्याही हाताखाली मदतनीस व्हावं लागलं. सरोवराकाठच्या एका वृद्धाश्रमात तो म्हाताऱ्यांना आंघोळ घालू लागला, चादरी बदलू लागला, शौचाची भांडी रिकामी करू लागला.

"तूच ना तो?" पहिल्याच दिवशी ओस्ट्बीबाईंनी त्याला ओळखलं. "माझ्या नातीच्या लग्नात गारा पाडल्यास!"

"पाडल्या नाहीत हो. सांगायच्या राहिल्या, एवढंच."

"एकच ते. हात धर आता, आणि हळू ने."

आश्रमात अधूनमधून एक तरुण पीए मुलगी फेरीला येई. नाडी, दोन प्रश्न, औषध, की लगेच पुढची खोली. लाइल दारात उभा राहून तिच्याकडे टक लावून बघायचा. काय रुबाब! ती गेली की ओस्ट्बीबाई विचारायच्या, "काय म्हणाली रे ती?" मग लाइल खुर्ची ओढून बसायचा आणि सगळं नीट समजावून सांगायचा. बाईंना रात्री झोपेची भीती वाटायची, आता डोळा लागला तर उघडेल की नाही याची. लाइल त्यांना त्यांच्या माहेरच्या शेताचं हवामान सांगायचा, मनानेच रचून: वारा पडलाय, उद्या गवत कापायला हरकत नाही. बाई ऐकता ऐकता घोरायला लागायच्या. पाळी कधी संपली हे त्याला कळायचं नाही. पुढे अर्जासोबतच्या निबंधात त्याने या सगळ्याला 'रुग्णकेंद्रित नेतृत्व' असं नाव दिलं.

रसायनशास्त्राचा ऑनलाइन वर्गही करणं भाग होतं. कोरीनने त्याला सोबत म्हणून स्वतःचंही नाव घातलं, तेव्हा लाइलला भरून आलं. जेवणं झाली की दोघं टेबलाशी बसत. तो तिला धडा समजावून सांगे, ती त्याच्या चुका दुरुस्त करे, आणि आपल्याला शिकवण्याची हातोटी आहे असं त्याला वाटे. मग पीएचं आयुष्य किती छान, पाठ मोडत नाही, शब्दाला किंमत असते, हे तो पुन्हा पुन्हा सांगे. कोरीन मान डोलवे.

मुलाखतीला समोर तिघं होते. "नर्सिंग का नाही?" हा प्रश्न येणार हे लाइलला ठाऊक होतं, उत्तरही पाठ होतं. पण ऐन वेळी तोंडातून निघालं ते असं: "माझी बायको नर्स आहे. घरी तिचंच चालतं. कामावरही तिचंच चाललं तर मी बोलायचं कुठे?"

एकजण खळखळून हसला. दुसऱ्या बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. तिसऱ्यांनी विचारलं, "बरं, आश्रमात तुम्हाला सगळ्यात जास्त काय आवडलं?" लाइल ओस्ट्बीबाईंबद्दल बोलायला लागला तो थांबेचना. त्यात रोगाचं नाव नव्हतं की औषधाचं.

"मिस्टर ब्रेके," लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "पीए का व्हायचं ते काही तुम्ही सांगितलं नाहीत."

नकाराचा फोन आला तेव्हा कोरीन भांडी पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं.

"लाइल, मलाही एक सांगायचंय. मीही मुलाखत देऊन आलेय. मला घेतलंय त्यांनी."

"कशासाठी?"

"पीएला."

"तू? पण तू तर नर्स आहेस!"

"वीस वर्षं रोग्यांची सेवा केलीय, तिचा कधीतरी उपयोग नको? आणि तू रोज सांगत होतास, किती छान असतं म्हणून. मला पटलं."

लाइल दोन दिवस गॅरेजमध्ये बसून होता, एकदाही न बिघडलेलं बर्फ काढायचं मशीन दुरुस्त करत. तिसऱ्या दिवशी आर्डिसबाई भोपळ्याचा केक घेऊन आल्या आणि दारातूनच ओरडल्या, "कोरीन! असिस्टंट झालीस म्हणे! शाब्बास गं पोरी!" लाइलने आईकडे बघितलं, केकचा तुकडा कापून घेतला, आणि तोंड भरलेलं असतानाच कोरीनला विचारलं, "त्या नर्सिंगच्या अर्जाची मुदत संपली का गं?"

संपली नव्हती. तो कोरीनच्या आधी शिकून मोकळा झाला आणि तिच्याच जुन्या वॉर्डात लागला. कोरीन तेव्हा अजून शिकतच होती. एका सकाळी ती शिकाऊ पीए म्हणून त्याच वॉर्डात आली. पांढरा कोट, चाल घाईची. कोपऱ्यातल्या पलंगावरच्या आजोबांना तिने तपासलं, दोन प्रश्न विचारले आणि ती वळली.

"कोरीन," लाइल हळूच म्हणाला, "आजोबांना अजून काहीतरी विचारायचंय."

कोरीन थबकली. तिने घड्याळाकडे बघितलं, मग आजोबांकडे. चादरीची कड त्यांनी मुठीत घट्ट धरली होती. ती परत आली, खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "सांगा बरं."