समाजमंदिराच्या भिंतीवरची रिंग

साकीनाक्याच्या त्या वर्कशॉपांच्या गल्लीत अंबादासच्या मापावर शंका घ्यायची कोणाची छाती नव्हती. मालक इंजिनिअरचं ड्रॉइंग आधी त्याच्यापुढे टाकायचा आणि विचारायचा, "बघ रे, जमतंय का?" वीस वर्षं लेथवर आणि वेल्डिंगवर घासलेला माणूस. खिशात कायम मोजायची टेप. लग्नात बोहल्यावरसुद्धा टेप खिशातच होती, असं त्याची बायको सोनूबाई सांगायची, आणि ते खोटं नव्हतं.

म्हणून त्याची थोरली पोरगी शकू म्हणाली, "आप्पा, मला बास्केटबॉलची रिंग बनवून द्या," तेव्हा त्याने दुसरं काही विचारलं नाही.

"डाया किती? या कडेपासून त्या कडेपर्यंत?"

"अठरा इंच. जमिनीपासून दहा फूट वर."

"रविवारी बसवतो."

घाटकोपरच्या डोंगरउतारावरच्या वस्तीतली ही पोरगी त्या वर्षी कॉलेजात गेली होती आणि बास्केटबॉलने झपाटली होती. कॉलेजात कोर्ट एक आणि रिंगा दोन. दोन्ही टीमच्या ताब्यात. टीम म्हणजे शाळेपासून खेळत आलेल्या, पांढऱ्याशुभ्र बुटांतल्या मुली. नव्या मुलींचं काम एकच: बाहेर गेलेला बॉल पळत जाऊन आणून द्यायचा. शकूने दोन महिने बॉल आणून दिले. मग तिने खेळाच्या चंद्रप्रकाश सरांना विचारलं, "सर, मी कधी टाकू?"

सर हसले. "अगं, तुझं बेसिकच नाही. शाळेत कोर्ट होतं का तुझ्या?"

"नव्हतं."

"मग? तू एनसीसीचं बघ ना. तुमच्यातल्या बऱ्याच मुली जातात तिकडे."

'तुमच्यातल्या' हे सर सहज बोलले. असली माणसं सहजच बोलतात. विचार करून बोलली असती तर लाज वाटली असती.

अंबादासने सहा सुताची, म्हणजे पाऊण इंची सळई घेतली, भट्टीत लाल केली, गोल वाकवली, सांधा वेल्ड केला, घासून गुळगुळीत केला. वस्तीत दहा फूट मोकळी भिंत एकच होती, समाजमंदिराची. कमिटीचा अध्यक्ष राजाराम कमरेवर हात ठेवून आडवा उभा राहिला.

"अंबादास, आत बाबासाहेबांची तसबीर आहे आणि पोरी बाहेरून भिंतीवर बॉल आपटणार?"

"राजारामभाऊ, त्या माणसाने आपल्या पोरींना घरात बसायला सांगितलं होतं का?"

राजारामने बराच वेळ कान खाजवला. "संध्याकाळी सहाला वंदना असते. तेवढ्या वेळात बॉल वाजता कामा नये. बाकी दिवसभर बडवा."

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला वस्ती बॉलच्या आवाजाने उठू लागली. शंभर वेळा टाकला की दहा वेळा आत. बाकीच्या वेळी बॉल रिंगच्या कडेवर आपटून उडायचा आणि उतारावरून गडगडत थेट खालच्या नळापर्यंत. नळावरच्या बायका हंडे सोडून ओरडायच्या, "शके, तुझं पोर आलं गं खाली!"

महिन्याभराने शकू म्हणाली, "आप्पा, रिंग लहान वाटते."

अंबादासचं डोकं फिरलं. शिडी लावून वर चढला, टेप धरली, तिला वर बोलावून दाखवली. "वाच. किती?"

"अठरा."

"मग? रिंग लहान नाही. तुझा नेम कच्चा आहे."

शकू खाली उतरली. बापाचं माप चुकत नाही हे तिला भाषा यायच्या आधीपासून माहीत होतं.

दुसऱ्या वर्षी टीमच्या कॅप्टनने, मुलुंडच्या नलिनीने, हिची पळापळ बघून हट्टाने तिला बारा जणींत घेतलं. सरांनी घेतलं आणि बाकावर बसवलं. सरावात शूटिंगची रांग लागे तेव्हा शकूचा नंबर शेवटचा. कधी दोन मिळायचे, कधी तेही नाही. जे मिळायचे ते आत जायचे. सर म्हणायचे, "तुक्का." शकूने घरी येऊन सांगितलं, "आप्पा, कॉलेजची रिंग सैल वाटते हो. कशीही टाकली तरी जाते."

अंबादास फणकाऱ्याने म्हणाला, "कोणीतरी भुरट्याने बनवली असेल. मापाची बोंब. त्या रिंगेवर फुशारू नकोस. खऱ्या मॅचला खरी रिंग येईल तेव्हा तोंडावर पडशील. आपल्या रिंगेत शंभरातले नव्वद गेले की बोल."

शंभरातले सत्तर जायचे. त्याच्या वर आकडा सरकेना. शकू स्वतःला शिव्या घालायची आणि सरांपुढे गप्प राहायची. नव्वद नाहीत तर कोणत्या तोंडाने मागायचं?

अशी अडीच वर्षं गेली. शहाऐंशीचा डिसेंबर आला. शकूचं कॉलेजचं शेवटचं वर्ष, आंतरकॉलेज फायनल अंधेरीच्या मैदानावर, समोर बोरिवलीची टीम. टेबलामागे युनिव्हर्सिटीची टीम निवडणारे तीन जण वह्या उघडून बसलेले. आज कोर्टावर उतरली नाही तर शकूचा खेळ संपला. पुढच्या वर्षी कॉलेज नाही, म्हणजे टीम नाही, रिंगही फक्त भिंतीवरचीच.

अंबादास अर्धी सुट्टी टाकून पहिल्यांदाच मॅच बघायला आला. हाफ टाइम झाला तेव्हा शकूची टीम अकरा पॉइंटांनी मागे आणि शकू बाकावर, मांडीवर दुसऱ्यांचे टॉवेल.

तेवढ्यात एका रिंगची जाळी सुटली. मैदानाचा माणूस शिडी घेऊन आला, पण त्याला गाठ जमेना. हात शिवशिवले की अंबादासला उभं राहवत नसे. "सरक," म्हणत तो वर चढला, जाळी बांधली, आणि सवयीने टेप काढली. बघू तरी भुरट्यांचं माप.

आतून अठरा. बाहेरून साडेएकोणीस.

त्याने पुन्हा मोजलं. खाली उतरला, शिडी उचलून दुसऱ्या रिंगपाशी नेली. तिथेही तेच.

"अहो, काय मोजता?" मैदानाचा माणूस म्हणाला. "कंपनीचा माल आहे. सगळीकडे हीच असते."

"माप आतून धरतात?"

"मग कुठून धरणार? बॉल आतून जातो ना!"

अंबादास शिडीला धरून उभा राहिला. वर्कशॉपात तो बनवायचा त्या कड्या पाइपाच्या आत बसायच्या, म्हणून त्यांचं माप बाहेरून. वीस वर्षं बाहेरून. हात तसाच चालला होता. सळई पाऊण इंच, दोन्ही बाजूंनी मिळून दीड. पोरगी अडीच वर्षं साडेसोळाच्या भोकात बॉल घालत होती आणि तो तिला कच्ची म्हणत होता.

तो सरळ बाकाकडे गेला. सर म्हणाले, "अहो, इथे बाहेरच्या लोकांना..." अंबादासने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"शके, माझं चुकलं. मी माप बाहेरून धरलं. आपली रिंग साडेसोळाची आहे. खरी रिंग हीच. कॉलेजचीही खरीच होती."

शकूला कळायला एक क्षण लागला. मग तिचा चेहरा तापला.

"म्हणजे मी अडीच वर्षं स्वतःला शिव्या घातल्या."

"हो."

"तुम्हीपण घातल्यात."

"हो, बाय."

वीस वर्षांत त्याने मालकापुढेही चूक कबूल केली नव्हती. कारण चूक केलीच नव्हती. शकूने मांडीवरचे टॉवेल एकेक करून बाकावर ठेवले आणि उठली.

"सर, मला उतरवा."

"बस गं तू. ही काय वेळ आहे?"

"हीच वेळ आहे. इतके दिवस तुम्ही सांगितलंत म्हणून बसले नव्हते मी. मला वाटत होतं मी कच्ची आहे. नाहीये. उतरवा."

नलिनी पाणी पिता पिता थांबली. "सर, माझे चार फाउल झालेत, पाचव्याला मी बाहेर. अकराने मागे आहोत. अजून काय वाट लागायची राहिलीय? घ्या ना यार तिला!"

सर टेबलाकडे बघून घाबरले. वह्या उघड्या होत्या. "जा," ते म्हणाले.

पहिला बॉल शकूने कोपऱ्यातून टाकला. कडेला न लागता आत गेला, जाळीचा नुसता फस्स आवाज झाला. सरांच्या तोंडून सवयीने निघालं, "तुक्का." दुसरा गेला. तिसरा गेला. चौथ्याला सरांची नजर टेबलावरच्या वह्यांकडे गेली. बोरिवलीच्या दोघी तिच्या अंगावर आल्या, तिने बॉल नलिनीला दिला, परत घेतला आणि हवेतूनच सोडला. तिला ती रिंग विहिरीएवढी दिसत होती. आधीही दिसत होती, पण आज त्यावर विश्वास ठेवायला बापाने सांगितलं होतं. नलिनी धावता धावता ओरडत होती, "झकास गं शके! घाल अजून!"

दुसऱ्या हाफात शकूचे एकटीचे बावीस. मॅच तीनने जिंकली.

निवडणाऱ्यांपैकी एक बाई उठून आल्या. "कुठल्या शाळेत शिकलीस गं शूटिंग?"

"शाळेत नाही, मॅडम. समाजमंदिराच्या भिंतीवर. हे माझे आप्पा. रिंग यांनी बनवली."

बाईंनी वहीत नाव लिहिलं. अंबादासने वाकून बघितलं, आडनावासकट बरोबर लिहिलंय ना. बरोबर होतं.

रविवारी चंद्रप्रकाश सर घामाघूम होऊन वस्तीचा चढ चढून आले. भिंतीपाशी शकू उभी होती आणि तिच्यापुढे परकर-पोलक्यातल्या, फ्रॉकमधल्या बारा-पंधरा पोरींची रांग.

सर लाघवी आवाजात म्हणाले, "अंबादासराव, कॉलेजसाठी अशीच एक रिंग बनवून द्या ना. साडेसोळाची. आमच्या मुलींना सरावाला."

"नाही देणार."

"अहो, का पण?"

"अठराची मागा, उद्या देतो. साडेसोळाची ही एकच. तुमच्या मुलींना इकडे पाठवा. या पोरींच्या मागे रांगेत उभ्या राहू देत. नंबर येईपर्यंत खाली गेलेला बॉल आणून द्यायचा, तेवढी पद्धत आहे."

सरांनी शकूकडे बघितलं. शकूने मान डोलावली. पद्धत होतीच.

सोनूबाईने सरांना चहा दिला. बशीसकट दिला, कारण पाहुणा तो पाहुणा. सर उतारावर उभ्याने पीत होते तेवढ्यात समाजमंदिराच्या दारातून राजाराम ओरडला, "आणि त्यांना सांग अंबादास, सहाला बॉल बंद! कॉलेज असलं तरी!"