भोक नसलेला वायसर

चपटा, गुळगुळीत, शर्टाच्या बटणापेक्षा जरासा मोठा... गाऊनच्या खिशात तो सारखा बोटांना लागत होता, आणि लागला की ती हात बाहेर काढत होती, खिसा दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा. गॅरेजच्या दाराच्या रिमोटमधला सेल. सकाळी ते दात घासत असताना तिने रिमोटचं मागचं झाकण नखाने उचकटून तो काढला होता आणि झाकण पुन्हा बसवलं होतं. इतका सोपा बिघाड करायची वेळ तिच्यावर पहिल्या आठवड्यानंतर आलीच नव्हती. पण गुडघा कालपासून टम्म सुजलेला. स्टुलावर चढून मोटरची वायर ढिली करणं आज शक्यच नव्हतं.

"अगं, गॅरेजचं दार उघडत नाहीये!"

"बघा ना काय झालंय ते," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. आवाजात रोजच्याइतकंच आश्चर्य. आयुष्यात कधी रंगमंचावर पाय न ठेवलेल्या बाईला चौसष्टाव्या वर्षी ही भूमिका मिळाली होती. आणि प्रेक्षक एकच, तोही रोज कोरा.

अडतीस वर्षं त्यांनी लोकांच्या गॅरेजची दारं दुरुस्त केली. सगळा परिसर त्यांना 'दारवाले' म्हणायचा. पुढेपुढे तर तीही फोनवर "दारवाल्यांच्या घरून बोलतेय" असंच सांगायची आणि ते आतून हसायचे. दोन महिन्यांपूर्वी मात्र ते 'एक बाई खोळंबल्यात' म्हणून गाडी घेऊन गेले – कामावर जाणं सुटून सहा वर्षं झाली होती – आणि गाडी सापडली ती एका शाळेच्या फाटकाशी, पुढच्या चाकाखाली एक लाल सायकल घेऊन. सायकलची मालकीण तेवढ्यात घरंगळलेली पाण्याची बाटली उचलायला बाजूला झाली होती. तेवढ्यात. या एका शब्दावर ती कित्येक रात्री जागी राहिली होती.

मग चावी लपवून झाली. त्यांनी घर उलटंपालटं केलं, शेजाऱ्यावर आळ घेतला, आणि शेवटी पलंगाच्या कडेवर बसून लहान मुलासारखे रडले. मुलगी फोनवर म्हणाली, "आई, गाडी विकून मोकळी हो." मोकळी हो! गाडी नसेल तर हे पायी निघतील, आणि पायी गेलेला माणूस कुठल्या फाटकाशी शोधायचा? त्याच आठवड्यात एकदा दार खरोखरच अडलं. ते सकाळभर त्याच्याशी झटले, दार दोनदा वर-खाली करून पाहिलं, हात धुतले, पोटभर जेवले आणि झोपले. बाई, गाडी, काही काही आठवलं नाही. तेव्हा तिला कळलं – चावी हरवली की त्यांचा अपमान होतो, दार बिघडलं की त्यांना काम मिळतं. जावयाने भिंतीवरचं बटण काढून टाकलं, हाताने दार सोडवायची लाल दोरी कापली. रोजचा नवा बिघाड मात्र तिने केला.

शिकवायला कुणी लागलं नाही. गिऱ्हाइकांना ते फोनवर सांगायचे ते ती अडतीस वर्षं पोळ्या लाटताना ऐकत आली होती – आधी रिमोटचा सेल बघा, बाई, निम्मी दारं बिघडलेलीच नसतात. मग खाली दोन्ही बाजूंना ते सेन्सरचे छोटे डोळे आहेत ना, ते पुसा, समोरासमोर आहेत का पाहा. मग रूळ, मग चाकं. स्प्रिंगला मात्र हात लावू नका, मी येतो... ही यादी आता तिची होती. सेल त्यांनी पहिल्या वेळी दोन मिनिटांत ओळखला होता, आणि बाईंकडे जायचं अजून डोक्यात होतंच. वाकडा केलेला डोळा अर्ध्या तासात. वायरीला दुपार झाली, पण त्या दिवशी काळ्या हातांनी ते इतके छान बोलले, इतके जुन्यासारखे, की तिने ताटावरून तोंड फिरवून डोळे पुसले.

आज ती भाजी चिरता चिरता दारातून पाहत होती. त्यांनी दाराचे डोळे पुसले, शर्टाच्या टोकाने. रुळांना तेल दिलं. मग पुन्हा डोळे पुसले. रिमोट दाबला. पुन्हा तेल. दहा वाजले, अकरा वाजले, आणि एकदम ते पाना घेऊन वरच्या स्प्रिंगकडे हात नेताना दिसले –

"अहो! स्प्रिंग नको!"

ते थबकले. "का?"

का... हे तिला विचारत होते. ज्यांनी घरच्या जिन्यावरही कधी कुणाला दोन पायऱ्या एकदम चढू दिल्या नाहीत, ते. तिने पाना त्यांच्या हातातून घेतला आणि त्याऐवजी रिमोट दिला. "हा पाहिलात का?"

त्यांनी रिमोट उलटा केला. अंगठा मागच्या झाकणावरून फिरला, खाचेशी थांबला. उघडा, ती मनात म्हणाली. उघडा ना. मग आपल्याच मनाची तिला भीती वाटली. मी हे काय मागतेय? उघडलं तर दार वर जाईल, दार वर गेलं तर तो रस्ता, ती शाळा... जाऊ दे. आज जाऊ दे वर. मी गाडीपुढे उभी राहीन, पण यांना एवढं तरी सापडू दे, एवढं सोपं.

अंगठा पुढे सरकला. रिमोट फळीवर गेला.

तेव्हा तिने खिशातला सेल काढून त्यांच्यासमोर फळीवर ठेवला, अगदी रिमोटला चिकटून. शाळेत कॉपी पुरवतात तसा. त्यांनी तो उचलला, उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी पाहिला. चेहऱ्यावर कामातली ती जुनी बारीक आठी आली.

"या वायसरला भोकच नाही," ते म्हणाले आणि तो वायसरच्या डब्यात टाकला.

मग ते पालथ्या बादलीवर बसले. हात तेलकट, स्वच्छ तेलाचे. आत कशाला हात लागलाच नव्हता. बराच वेळ त्यांनी दाराकडे पाहिलं, लोक बंद पडलेल्या यंत्राकडे पाहतात तसं, काहीच न कळून.

"नाही जमत गं. कुणी माणूस बोलवायला हवा."

"कुणाला?"

"एक होता... चांगला होता. फोनवरच सांगायचा काय करायचं ते."

"बोलावते हं," ती म्हणाली. "जेवून घ्या आधी."

ते आत गेले, नळ सोडल्याचा आवाज आला. ती डब्यात हात घालून सेल शोधू लागली. शेकडो वायसर, सगळे गार, सगळ्यांना भोकं. शोधायची घाई नव्हती; सेल रिमोटबाहेर राहिला की दार बंदच. उद्या स्टूल नको, नख नको, खोटं आश्चर्य नको. शाळेपुढची पोरं सुखरूप घरी जातील. सुटले, असं मनात आलं, आणि त्या शब्दाची तिला लाज वाटली. दोन महिने ती एका हुशार माणसाविरुद्ध खेळत होती, रोज हरत होती, आणि ते रोजचं हरणं हाच तिचा संसार उरला होता. आता हे दार बंद ठेवायला तिची गरज नव्हती. आतून आवाज आला, "अगं, टॉवेल कुठाय?" आणि ती डब्यातला हात न काढता नुसती उभी राहिली.