सिनेमातली आई कुठे गेली

ऑफिसात तिला सगळे कात्रीबाई म्हणत. वाहिनीवर दुपारी मुलांसाठी जे सिनेमे लागत, ते आधी तिच्या हाताखालून जात. रक्त, शिव्या, नको ती लगट, सगळं ती इतक्या सफाईने काढून टाकायची की सांधा शोधून सापडत नसे. मुलांना वेळेआधी मोठं करू नये, असं ती मनापासून मानायची.

घरीही तिचाच कारभार. धाकटी बहीण आजारी पडली, औषधांनी तिचे केस गेले, तेव्हा कात्रीबाईने आपल्या सात वर्षांच्या लेकीला, मुंगीला, सांगून टाकलं, "मावशी कामासाठी परगावी गेलीय." मावशी होती पलीकडच्याच गल्लीत.

त्या रविवारी मायलेकी टीव्हीसमोर बसल्या होत्या. सिनेमा कात्रीबाईनेच कापलेला. त्यातली आई दवाखान्यात लेकीचा निरोप घेते आणि मरते, तो अख्खा प्रसंग तिने उडवला होता. त्यामुळे पडद्यावर आई लेकीची वेणी घालत होती, आणि पुढच्याच क्षणी बाप आणि मुलगी दोघंच जेवायला बसली.

"तिची आई कुठे गेली?" मुंगीने विचारलं.

"असेल इथेच कुठेतरी."

"नाही. सोडून गेली. ती मुलगी वेणी घालताना सारखी हलत होती ना, म्हणून." मुंगी आपल्या बोटांकडे बघत म्हणाली, "मावशीपण माझ्यामुळेच गेली. मी तिचा चष्मा मोडला होता."

कात्रीबाईने टीव्ही बंद केला आणि लेकीला मांडीवर ओढून घेतलं.

"ती आई आजारी असते, मुंगी. मरते ती. त्याआधी लेकीला जवळ घेऊन खूप बोलते. ते मीच काढून टाकलं."

"का?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"मग मावशी मेली?"

"नाही गं राणी. घरीच आहे. आजारी आहे, औषधं चालू आहेत. केस गेलेत तिचे. तुझ्यावर मुळीच रागावलेली नाही."

"बरी होईल?"

हो म्हणायला कात्रीबाईची जीभ वळली होती, पण ती म्हणाली, "डॉक्टर झटतायत. मला नक्की माहीत नाही."

तिने बहिणीला फोन लावला. "आण की तिला," बहीण म्हणाली. "तूच अडवून धरलंयस."

मावशीच्या खोलीच्या दारात मुंगी घुटमळली. मग हळूच पलंगावर चढली. "हात लावू?"

मावशीने डोकं पुढे केलं. मुंगीने तळवा फिरवला. "बाबांच्या दाढीसारखं टोचतंय."

मावशी हसता हसता रडायला लागली. मुंगी घाबरली नाही. फ्रॉकच्या टोकाने तिचे डोळे पुसत राहिली.

पुढच्या वेळी तो सिनेमा लागायच्या आधी कात्रीबाईने निरोपाचा प्रसंग परत जोडला. त्याच सिनेमात पुढे येणाऱ्या एका अपघातातलं रक्त मात्र पुन्हा येऊ दिलं नाही.

"तक्रारी येतील," साहेब म्हणाले.

"येऊ देत. उत्तरं मी देईन."

मुंगी हल्ली शाळेतून परस्पर मावशीकडे जाते. मावशी झोपलेली असली, तर तिच्या पायाशी बसून गुपचूप अभ्यास करते.